रेकॉर्डीत हाय तसं

ढोलकीवाल्याला गाणं येत नसतं, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यात शेकडो गाण्यांना मी साथ केली, पण त्यांतलं एकही मला आज शेवटपर्यंत म्हणता यायचं नाही. मुखडा येतो, अंतऱ्याची पहिली ओळ येते, पुढं नुसतं हूं हूं. तरीही बैठकीच्या आधी गाणारीनं विचारलं की अमुक चीज येते का, तर माझं उत्तर ठरलेलं असायचं, येते. ते खोटं नव्हतं. बैठक सुरू होईपर्यंत ती यायचीच. "नाही येत" म्हणणाऱ्या ढोलकीवाल्याला पुन्हा कोणी बोलवत नाही. त्यानं घरी जाऊन भाताच्या खाचरात उतरावं.

लोकांना याचं मोठं कौतुक वाटे. कोणी म्हणे देवानंच कान दिलाय, कोणी म्हणे मागच्या जन्मीचं काहीतरी. मी गप्प बसत असे, कारण कौतुक कोणाला नको असतं? पण आता हात थकले. कोणाची साथ करायची नाही आणि कोणाची भीडही ठेवायची नाही, म्हणून सांगतो. त्यात देवाचं काही नव्हतं. ती शिकण्याची एक रीत होती, आणि ती मला वडिवळ्याच्या राणूआबांनी दिली.

राणूआबा जन्मभर तमाशाच्या फडात ढोलकी वाजवून म्हातारपणी गावी परतले होते. त्यांची लेक आमच्या भाजे गावात दिलेली, तिच्याकडं ते महिना-महिना येऊन राहायचे. माझं तेव्हा मिसरूड फुटत होतं. देवळातल्या भजनात मी पखवाज बडवायचो, म्हणजे अगदी खरोखर बडवायचो. आबांनी एकदा ऐकलं आणि चारचौघांत म्हणाले, ह्या पोराला हात लय हायेत, कान न्हाईत. मला राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. नवं गाणं सुरू झालं की माझे हात शिवशिवायचे. आबा माझी दोन्ही मनगटं धरून ठेवायचे आणि गाणं संपेपर्यंत सोडायचे नाहीत.

"गानं शिकाय बसू नगंस," ते म्हणायचे. "गानं कुटं वळतं त्येवढंच शिक. सरळ रस्त्यानं बैल बी एकला घरला येतो."

म्हणजे असं. कुठलंही गाणं घ्या, बहुतेक वेळ ते एकाच चालीनं पुढं जात असतं. ठेका एकदा धरला की धरलेलाच असतो, त्यात शिकण्यासारखं काही नाही. अडचण येते ती वळणांवर. मुखडा संपून अंतरा उचलायचा तिथं, अंतऱ्यावरून पुन्हा मुखड्यावर यायचं तिथं, आणि गाणं जिथं संपतं तिथं. साऱ्या गाण्यात अशी वळणं मोजकीच. तेवढीच शिकायची, आणि त्यांतलं शेवटचं सगळ्यांत आधी, कारण मधली चूक लोक विसरतात, शेवटची चूक घरी घेऊन जातात. आता वळण आलं हे ओळखायचं कसं? शब्द ऐकायचे नाहीत. गाणाऱ्याच्या खांद्यांकडं बघायचं. वळणाच्या आधी माणूस मोठा श्वास घेतो. तो श्वास दिसला की वळणावर वाजवायचा आपला तुकडा तयार. मग तुकड्याचे बोल आधी तोंडानं म्हणायचे, नंतर मांडीवर वाजवायचे, आणि कातड्याला हात सगळ्यांत शेवटी. भाज्याहून मळवलीच्या स्टेशनावर येईपर्यंत, बांधाबांधानं चालता चालता, मी एक नवं गाणं तोंडात बसवून टाकायचो. वाटेत भेटणारे मला खुळा समजत.

घरच्यांचं मत तर आधीपासून तेच होतं. थोरल्या भावाचं म्हणणं असं की कुणब्याच्या पोरानं देवापुढं पखवाज वाजवला तर ठीक, पण बायांच्या मागं बसून ढोलकं बडवणं आपल्या घराला शोभत नाही. त्यानं मला घराबाहेर काढलं नाही. नुसतं माझ्याशी बोलायचं बंद केलं. ताटाला ताट लावून जेवायचो, पण मीठ हवं असलं तरी तो वहिनीकडं मागायचा, माझ्या पुढ्यात असलेलं मीठ.

माझी खरी शाळा वळवणला झाली. लोणावळ्याजवळच्या त्या गावात धरणाचं काम चालू होतं आणि कुठले कुठले मजूर येऊन पडले होते. कोकणातले, कर्नाटकातले, तेलंगी मुलखातले. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या झोपड्यांपुढं गाणी चालायची आणि ढोलकी हवी म्हणून मला निरोप यायचा. ज्या भाषेचा गंध नाही त्या भाषेतली गाणी मी वाजवली, आणि एकाही वळणावर चुकलो नाही. एका तेलंगी मुकादमाला मी त्याच्याच मुलखातला वाटलो. त्यानं घटकाभर माझ्याशी त्याच्या भाषेत सुखदुःखाच्या गोष्टी केल्या आणि मी मान हलवत राहिलो. त्या गड्याचे डोळे भरून आले होते. काय सांगत होता कोण जाणे.

रीत म्हटली की तिचा खड्डाही असतो. लोणावळ्यात एक नाटक कंपनी उतरली होती आणि त्यांचा तबलजी हिवतापानं पडला. त्यांना ढोलकीवाला चालणार नव्हता, पण दुसरा कोणी मिळतच नव्हता. पेटीवाल्यानं दुपारी मला सगळी पदं ऐकवली, नायकानं खांबाला टेकून, विडी ओढत ओढत म्हटली, मी वळणं उचलली. प्रयोग छान चालला. शेवटच्या अंकात नायकाला तलवार लागते आणि तो प्राण सोडता सोडता पद म्हणतो. दुपारी त्यानं ते सरळ म्हटलं होतं. रंगभूमीवर मात्र तो धापा टाकू लागला. माझी नजर त्याच्या खांद्यांवर. मोठा श्वास, मी तुकडा वाजवला. पुन्हा श्वास, पुन्हा तुकडा. त्यानं डोळे वटारून माझ्याकडं पाहिलं आणि रागानं त्याला आणखी धाप लागली, तशी मी आणखी झकास तिहाई लावली. लोक पोट धरून हसू लागले. शेवटी बिचारा अर्ध्या पदातच मेला. मालक पडद्यामागं मला म्हणाले की तलवारीनं नाही, तुझ्या ढोलकीनं मेला तो. पण दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगालाही मलाच बोलावलं, मालकांना काही इलाज नव्हता.

ह्या गमती मी बैठकीत रंगवून सांगत असे. सगुणाबाईंची मात्र कधी सांगितली नाही. ती आज सांगतो.

सगुणाबाई मूळच्या खाली घोडनदीकडच्या. त्यांचा तमाशाचा फड मोडला तसं त्यांनी लोणावळ्याच्या बाजारात दोन खोल्या घेतल्या. उन्हाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर मुंबईचे बडे लोक आपापल्या बंगल्यांवर येत, त्यांच्याकडं बैठकी होत. बाकीच्या दिवसांत आजूबाजूच्या जत्रा. मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा त्यांचा आवाज ऐन भरात होता आणि गाणी मात्र जुनी, दहा ठिकाणी ऐकलेली. नवी गाणी त्या स्वतः रचायच्या, पण अर्ध्यावर टाकून द्यायच्या. ठेक्यात बसत नाहीत म्हणायच्या. मी ती बसवू लागलो. सकाळी त्या चूल पेटवायच्या, मी बाजूला शेगडीवर ढोलकी शेकत बसायचो, कारण लोणावळ्याच्या हवेत कातडं सारखं सैल पडतं. त्या फुंकणीनं फुंकता फुंकता एखादी ओळ म्हणायच्या आणि मी विचारायचो, बाई, हितनं वळायचं का? त्या म्हणायच्या, वळवून बघा. अशी आमची गाणी झाली. त्यांचे शब्द, त्यांची चाल, आणि वळणं माझी. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बाई स्वतः सगळ्यांना असंच सांगायच्या, त्या काळी.

त्यांतल्या एका गाण्याची सगळ्या मावळात फर्माईश व्हायची. त्यात शेवटच्या अंतऱ्यानंतर बाई मोठा श्वास घ्यायच्या, आणि गायच्याच नाहीत. पेटी थांबायची. मी उजवा हात उचलून घ्यायचो आणि डाव्या हातानं नुसती धुमेवर, ढोलकीच्या डाव्या तोंडावर, हलकी थाप देत राहायचो. किती वेळ, ते ठरलेलं नसे. माणसं कशी बसली आहेत त्यावर. जत्रेत हजार माणूस गप्प व्हायचं, लहान पोरं सुद्धा. मग बाईंचा खांदा जरासा खाली आला की आम्ही दोघं एकदम समेवर यायचो आणि फेटे उडायचे. एवढी वर्षं आम्ही ती जागा घेतली, कधी ठरवून घेतली नाही आणि कधी चुकली नाही.

जर्मनीशी झालेली पहिली मोठी लढाई नुकतीच संपली होती. मळवलीला एका वकीलसाहेबांचा बंगला होता. गाण्याचे फार शौकीन, मुंबईहून येताना पाहुण्यांना घेऊनच येत. त्यांच्याकडच्या बैठकीला एकदा रेकॉर्ड कंपनीचे मॅनेजर आले होते. दुपारची बैठक होती. गाणं संपल्यावर ते बाईंना म्हणाले की मुंबईला या, तुमच्या चार तबकड्या भरू. बाई मला म्हणाल्या, आपुन जायाचं.

'आपण' म्हणाल्या, हे मला नीट आठवतं.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. मला नावाची हाव नव्हती, तबकडीवर साथीदाराचं नाव नसतं हे मला ठाऊक होतं. मला एवढंच हवं होतं की माझी ढोलकी त्या तबकडीत जावी. आमच्या गावात कोणाच्या तरी ओसरीवर ती एक दिवस वाजेल, आणि थोरल्या भावाला ती ऐकावी लागेल. तो मान फिरवेल, पण कान कुठं फिरवणार? वळणं तर मी आधीच बसवलेली, तरी महिनाभर रोज ती गाणी मांडीवर घोळवली. ढोलकीच्या तोंडाला नवी शाई भरून घेतली. गाडीनं घाट उतरताना ढोलकी मी मांडीवरच घेतली, फळीवर ठेवली नाही.

मुंबईला फोर्टात कंपनीनं एक खोली भाड्यानं घेतली होती. भिंतींना जाड गोधड्या लावलेल्या, खिडक्या बंद, आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद. भिंतीतून एक मोठा भोंगा बाहेर आलेला आणि त्याच्या पलीकडं एक गोरा साहेब मेणाची जाड चकती घेऊन बसलेला. गाणाऱ्यानं त्या भोंग्यात तोंड घालून गायचं, की पलीकडं सुई मेणावर रेघ ओढते. बाईंनी सूर लावला, मी पहिली थाप दिली आणि पलीकडून साहेब ओरडला. धुमेच्या आवाजानं सुई उडाली होती. मला मागं भिंतीपाशी बसवलं. पुन्हा उडाली. मग मला दाराबाहेर, बोळात बसवलं आणि दार अर्धं उघडं ठेवलं. पुन्हा तेच. साहेबानं हातानं खूण केली, आणि ती कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

मॅनेजर म्हणाले की ढोलकी भोंग्याला सोसत नाही, आमचे तबलजी बसतील. तबलजी म्हणजे केशवराव. सडपातळ, मऊ बोलणारा, चांगला माणूस. तो वाईट असता तर मला बरं झालं असतं, निदान इतकी वर्षं कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. केशवरावांचा हात फार गोड होता, पण आमच्या गाण्यांची वळणं त्यांना सापडेनात. दोन चकत्या वाया गेल्या. मॅनेजरचा चेहरा उतरू लागला. बाहेर दुसरी एक गाणारी आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. ते म्हणाले, आज जमलं नाही तर पुढचं काही सांगता येणार नाही.

बाई मला बोळात घेऊन आल्या. घामानं त्यांचं कुंकू ओघळलं होतं.

"नामाभाऊ, तुमी शिकवा त्यांस्नी. तुमच्याबिगर ह्ये न्हाई व्हायचं."

"आन् मी कुटं बसू?" मी विचारलं.

"तुमी हितंच की. माझ्या म्होरं ऱ्हावा."

मी शिकवलं. आबांची सगळी रीत एका दुपारी केशवरावांपुढं उलगडून ठेवली. म्हटलं, गाणं नका शिकू, वळणं शिका. शेवट आधी घ्या. बाईंच्या खांद्यांकडं बघा. आधी तोंडानं म्हणा, मग मांडीवर. माणूस हुशार. ज्याला मला वर्षं लागली ते त्यांनी चहाचा कप निवेपर्यंत घेतलं आणि माझे दोन्ही हात हातात धरून म्हणाले की इतकी सोपी रीत मला आजवर कोणी सांगितली नाही. मला अभिमान वाटला. खरंच वाटला, तो मी नाकारत नाही. पुढं ऐकलं की केशवराव कोणाचंही गाणं तासाभरात उचलतात, म्हणून कंपनीनं गाणाऱ्यांना आपापले साथीदार आणायची गरजच नाही असं कळवून टाकलं. पुण्याच्या, साताऱ्याच्या कितीतरी ढोलकीवाल्यांनी आणि तबलजींनी तो भोंगा कधी पाहिलाच नाही. आबांची रीत अशी कामाला आली.

त्या फर्माईशीच्या गाण्यातली ती थांबायची जागाही गेली. तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपते, गाणं तेवढ्यात बसायला हवं. मॅनेजर म्हणाले, ही रिकामी जागा कशाला? लोकांना वाटेल तबकडी बिघडली. मी बाईंकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, काढा. मग बाई भोंग्यात तोंड घालून गायल्या, बाजूला केशवराव बसले, आणि तिथून त्यांना बाईंचे खांदे नीट दिसत नव्हते म्हणून मी भोंग्याच्या शेजारी उभा राहून प्रत्येक वळणावर केशवरावांना हात वर करून खूण करत राहिलो. तोंडातून चकार शब्द काढायचा नव्हता. गाणं संपल्यावर तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं बाईंनी भोंग्यात आपलं नाव मोठ्यानं सांगितलं.

परत येताना गाडीत बाई खूप बोलत होत्या. माझ्या ढोलकीचं गाठोडं त्यांनी हौसेनं आपल्या मांडीवर घेतलं होतं. मी म्हटलं, फळीवर ठिवा, आता काय व्हतंय तिला.

तबकड्या निघाल्या आणि खपल्या. लोणावळ्याच्या बाजारात एका चहावाल्यानं फोनो आणला होता, तिथं बाईंचं गाणं दिवसभर चालायचं. गिऱ्हाइकं उठेनात म्हणून तो खूश होता. थोरला भाऊ एका बाजारच्या दिवशी तिथं गेला असावा. संध्याकाळी जेवायला बसलो. घास हातात धरून तो माझ्याकडं बघत होता. मग म्हणाला, "ऐकली ती तबकडी. लय येळ ऐकली. तुझं ढोलकं कुटं हाय त्यात?"

त्यानं इतक्या वर्षांनी माझ्याशी काढलेले हे पहिले शब्द. टोचून नाही बोलला. खरंच शोधत होता तो. मी म्हटलं, न्हाई त्यात. त्यानं मान हलवली आणि घास तोंडात घातला.

पुढच्या उन्हाळ्यात वकीलसाहेबांकडं पुन्हा बैठक झाली. त्यांच्या दिवाणखान्यात आता नवा फोनो होता आणि बाईंची तबकडी त्यांनी इतक्या वेळा लावली होती की पाहुण्यांनाही ती पाठ होती. बाईंनी तेच गाणं धरलं. शेवटचा अंतरा आला, बाईंनी मोठा श्वास घेतला, मी सवयीनं उजवा हात उचलला. आणि बाई गात सुटल्या. न थांबता, तबकडीत आहे तशा. मी मागं राहिलो, धावत जाऊन सम गाठली, पण सगळ्या सभेला ते कळलं. कोणीतरी हसलं. वकीलसाहेब माझ्याकडं बोट करून म्हणाले, "नामदेव, चुकलास. रेकॉर्ड ऐकली नाहीस का?"

मी बाईंकडं पाहिलं. वाटलं, त्या सांगतील. एवढंच सांगतील की हे गाणं असंच होतं, की ही जागा आमची आहे. त्यांनी पदर सारखा केला.

"रेकॉर्डीत हाय तसं वाजवा, नामाभाऊ," त्या हलकेच म्हणाल्या. "लोकांस्नी आता त्येच पायजे."

मला त्यांचं कळत होतं. वय वाढत होतं, आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, आणि बंगल्यावरची बोलावणी तबकडीच्या जोरावर येत होती. कळत होतं आणि तरी त्या दिवसापासून माझ्या मनातून त्या उतरल्या. ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर कदाचित दोघांचंही बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहावाल्याकडं जाऊन बसलो आणि आमचं गाणं तबकडीवरून शिकलो. पहिल्या खेपेलाच ध्यानात आलं की आबांची रीत इथं लंगडी पडते. तबकडीवर श्वास ऐकू येत नाही. खांदे तर दिसतच नाहीत. गाणं नुसतं येतं आणि जातं. मग मात्रा मोजल्या, शाळेतल्या पोरासारख्या बोटांवर. चहावाला सुई झिजते म्हणून कुरकुरत होता. मी म्हटलं, लाव रे, माझ्याच गान्याची हाय ती. तो हसला, त्याला वाटलं गंमत करतोय.

दुसऱ्या अंतऱ्यापाशी मला काहीतरी अडलं. तिथं केशवराव किंचित उशिरा येतात. अगदी किंचित. ठेका क्षणभर लोंबकळतो आणि मग पडतो. एवढा सफाईचा हात, तो तिथंच का चुकावा? पुन्हा लावायला सांगितलं, आणि एकदम आठवलं. त्या बंद खोलीत माझ्या डोळ्यांत घाम गेला होता. वळण आलं तेव्हा मी डोळे पुसत होतो आणि हात वर करायला मला उशीर झाला. केशवराव माझ्या हाताची वाट बघत राहिले. त्या सगळ्या तबकडीत माझं म्हणून जे काही आहे, ते एवढंच. मी ते ऐकत बसलो. हसावं की काय करावं ते कळेना, म्हणून आणखी एक चहा सांगितला.

मग तो उशीरही पाठ केला. बोल तोंडानं म्हटले, मांडीवर घेतले. संध्याकाळपर्यंत गाणं बसलं. कितीही कडू असलं तरी खरं ते सांगतो, शिकायला फार वेळ लागला नाही.

त्याच आठवड्यात वकीलसाहेबांकडं दुसरी बैठक होती. बाईंनी गाणं धरलं आणि मी तबकडीसारखा ठेका धरला, हात मऊ ठेवून, केशवरावांसारखा. सभा खुलली. दुसरा अंतरा आला. मी हात क्षणभर हवेत धरला आणि मग पडू दिला. वकीलसाहेबांनी डोळे मिटून मान डोलावली आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "वा! ही केशवरावांची जागा. आता जमली याला."

मी ढोलकीवरून हात उचलून त्यांना नमस्कार केला. बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. पुढं कुठली चीज म्हणू, असं त्या वकीलसाहेबांना विचारत होत्या.